एकशेसहावा क्रूस

डॉक्टर उर्कीदींच्या हातून जे गेलं ते माझ्यामुळे गेलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुन्हा कोणीतरी ताता इलारियोला बोल लावेल. विद्यापीठात अजून अशी माणसं आहेत जी म्हणतात, डोंगरावरच्या त्या अडाणी राखणदाराच्या देवभोळेपणापायी सगळं पाण्यात गेलं. त्यांच्या तोंडावर मी दोनदा सांगितलंय की अडाणीपणा केला तो मी. पण शिकलेल्या लोकांना एखादी गोष्ट एकदा सोयीची वाटली की ते ती सोडत नाहीत.

आमचं घराणं भरतकामाचं. ला पाझच्या वरच्या अंगाला, चढाच्या गल्लीत, आमचं दुकान. सणात नाचणाऱ्यांचे जड अंगरखे आणि देवळातल्या मरियामातेच्या मूर्तीचा झगा आमच्याच हातून जायचा. डॉक्टर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा आईला वाटलं, झगा अर्पण करायचा असेल. उंच, वाळकुडा माणूस, कोटाची कोपरं झिजून चकाकत होती. त्यांनी झग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आणि माझी मामेबहीण लिओनार्दा खाली मान घालून जरीचा टाका घालत होतो, तर हे आमच्याकडे बघत उभे.

"या मुली एका जागी किती तास बसू शकतात?" त्यांनी आईला विचारलं.

"लग्नाची मागणी आहे की दुसरं काही?" आई म्हणाली.

"मला डोळे हवेत, बाई."

"नुसते डोळे? बाकीचं आम्ही सांभाळायचं होय?"

डॉक्टरांना विनोद कळायला नेहमीच जरा वेळ लागायचा. ते गंभीरपणे म्हणाले, "नाही, नाही, अख्ख्या मुलीच हव्यात. पगार विद्यापीठ देईल."

अशा रीतीने आम्ही दोघी विज्ञानात शिरलो. काम असं होतं. शहरावर जो मोठा डोंगर उभा आहे, ज्याला आमच्याकडे आजोबाच म्हणतात, त्याच्या बर्फाजवळ डॉक्टरांनी शिशाचं एक खोपटं बांधलं होतं. खोपट्यात खास मसाला लावलेल्या काचेच्या प्लेटांची चळत पेटीत घालून महिनोन्‌महिने ठेवायची. आकाशातून सारखे बारीक बारीक कण पडत असतात, आपल्या अंगातूनसुद्धा जातात म्हणे. ते वरच्या शिशातून उतरून प्लेटेतून गेले की मसाल्यात त्यांची वाट उमटते. प्लेटा खाली आणायच्या, धुवायच्या, आणि मग आम्ही मायक्रोस्कोपखाली त्या वाटा शोधायच्या. काळ्या ठिपक्यांची रांग. भरतकामच, फक्त टाके घालणारं कोणी दिसत नाही.

डॉक्टरांचे नियम पुष्कळ. प्रत्येक प्लेट आम्ही दोघींनी वेगवेगळी पाहायची आणि त्याबद्दल एकमेकींशी चकार शब्द काढायचा नाही. जे दिसलं ते कागदावर काढायचं, जे वाटलं ते घरी ठेवून यायचं. लिओनार्दा जन्माची बडबडी. ती आठ तास तोंड मिटून बसते, हा आईच्या मते डॉक्टरांनी केलेला पहिला चमत्कार होता.

दुसरा चमत्कार करण्याच्या खटपटीत त्यांचं आयुष्य गेलं.

आम्ही यायच्या आधी, एकावन्न साली, त्यांना एका प्लेटेत एक वाट सापडली होती. काहीतरी शिशातून खाली आलं, मंदावलं, थांबलं, आणि फुटून दोन झालं. माहीत असलेलं कुठलंच काही तसं फुटत नाही. आमच्या देशात या कामाला हात घालणारा हा पहिला माणूस, आणि त्याला हे दिसलं! त्यांनी सगळं लिहून युरोपात पाठवलं. सोबत डोंगरावरच्या नोंदवहीची नक्कल, स्वतः जागून स्वच्छ अक्षरात काढलेली, पाहुण्यापुढे घरातली चांगली बशी ठेवतात तशी. तिकडून एका मोठ्या प्राध्यापकाचं उत्तर आलं. एका वाटेने काही सिद्ध होत नाही. शिवाय नोंदवही एकाच हाताने, एकाच शाईने, एका बैठकीत लिहिलेली दिसते. पेटी रोज जागेवर होती याला पुरावा काय? आणि स्थानिक राखणदारांच्या शब्दावर कितपत विसंबायचं, हेही डॉक्टरांनी मनाशी ठरवावं.

ते पत्र डॉक्टरांनी चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. मरियेच्या तसबिरीशेजारी.

"हे कशाला टांगलंय?" लिओनार्दाने एकदा विचारलं. "मी असते तर चुलीत घातलं असतं."

"तो उद्धट आहे, पण त्याचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "मी वही सुंदर करायला गेलो. सुंदर केलेला पुरावा पुरावा राहत नाही."

ते पत्र आलं त्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली होती. का, तर म्हणे, "जे आवडतं ते खरं वाटायला लागतं. म्हणून आवडीला रोज थोडं उपाशी ठेवायचं." रोज सकाळी सहाला देवळात, सातला प्रयोगशाळेत, दुपारी सूप आणि पाव, तोही टेबलाच्या कोपऱ्यावर. संध्याकाळी पाचला एक वही काढायचे. तिच्यात दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'पाहिलं', दुसऱ्यावर 'हवं होतं'. दिवसभराचं दोन्हींत नीट वेगळं करून लिहायचं. त्यांचं म्हणणं, माणूस पापी असतो तो इथेच, या दोन रकान्यांमधली रेघ पुसट होते तिथे. देव खोटं बोलत नाही, निसर्ग बोलत नाही. आपण बोलतो, आणि तेही चांगल्या हेतूने. हे सगळं ते आम्हाला का सांगत, देव जाणे. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणूनही असेल.

लिओनार्दाला चिमटे काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. "डॉक्टर, मग देव कुठल्या रकान्यात?"

मला वाटलं आता रागावतात. पण नाही.

"दुसऱ्या," ते म्हणाले. "'हवं होतं'मध्ये. पन्नास वर्षं मी त्याला पहिल्या रकान्यात न्यायला बघतोय, पण मी खोटं लिहिणार नाही."



डोंगरावर ताता इलारियो होता; ताता असं आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. साठीच्या पुढचा, बायको गेलेली, शिशाच्या खोपट्याखाली दगडी घरात एकटा राहायचा. त्याचं आणि डॉक्टरांचं काय जमलं होतं, सांगता येत नाही. डॉक्टर ट्रकमधून उतरले की आधी टोपी काढायचे. ताता बाटलीतली दारू चार थेंब जमिनीला द्यायचा, मग स्वतः एक घोट घ्यायचा. तो होईपर्यंत डॉक्टर थंडीत उभे. धुरासाठी मात्र नियम होता, धूप जाळायचा तो खोपट्यापासून पन्नास पावलांवर.

"तुम्ही आजोबांच्या डोक्यावर शिसं ठेवलंत," ताता म्हणायचा. "जड होतं त्यांना. निदान विचारून तरी ठेवायचं."

"तुम्हीच विचारा, ताता. मला ते उत्तर देत नाहीत."

"तुम्ही विचारताच कुठे? तुम्ही नुसते मोजता."

यावर डॉक्टर हसायचे, आणि संध्याकाळी वहीत लिहायचे. कुठल्या रकान्यात ते मी पाहिलं नाही.

एकावन्नच्या फजितीनंतर नोंदवहीचा नियम कडक झाला होता. डॉक्टर तारखा आधीच लिहून देत, एका ओळीला एक दिवस. ताताला लिहिता यायचं नाही. रोज बारा वाजता कुलूप काढायचं, पेटी शिशाखाली जागेवर आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि त्या दिवसाच्या ओळीवर क्रूस काढायचा. त्या वहीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, डॉक्टरांचासुद्धा नाही. पुढच्या वेळी नक्कल जाणार नव्हती, मूळ वहीच जाणार होती.

अठ्ठावन्न साल उजाडलं तेव्हा डॉक्टरांची नजर जायला लागली होती. नेमकं समोरचं दिसायचं नाही; मान वाकडी करून कडेने बघायचे, कोंबडी बघते तसं. डोळ्यांच्या वैद्याने एखादं वर्ष दिलं होतं. विद्यापीठाने त्याच सुमारास कळवलं की परदेशातून यायची ही प्लेटांची चळत शेवटची. म्हणजे दुसरी वाट सापडली तर याच चळतीत, नाहीतर कधीच नाही. पेटी वीस एप्रिलला वर गेली, एकोणीस सप्टेंबरला खाली आली. एकशेत्रेपन्न दिवस.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी, एकसष्ट नंबरच्या प्लेटेत, मला ती दिसली.

मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी जाऊन आले, पुन्हा बघितलं. वरून आलेली ठिपक्यांची रांग, खाली खाली दाट होत गेलेली, मग थांबलेली, आणि तिथून दोन फांद्या.  नियम म्हणजे नियम, मी ब्र काढला नाही. नुसतं कागदावर काढलं आणि पाकिटात घालून ठेवलं. दोन दिवसांनी तीच प्लेट लिओनार्दाकडे गेली. दुपारी तिने सूप तसंच ठेवलं आणि हमसून हमसून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की तिलाही दिसली.

डॉक्टरांना पाकिटं दिली. त्यांनी कागद डोळ्यांच्या कडेला धरले, खाली-वर केले. काही दिसेना. तो चेहरा बघवेना मला. मी कागद ओढून घेतला, शालीला टोचलेली भरतकामाची सुई काढली आणि रेघेवर एकेक ठिपका टोचत गेले. जिथे दाट तिथे दाट, जिथे विरळ तिथे विरळ. मग त्यांचं बोट धरून कागदाच्या मागच्या बाजूला ठेवलं.

बोट हळूहळू खाली आलं. थांबलं. डावीकडे गेलं, परत आलं, उजवीकडे गेलं.

"पुन्हा," ते स्वतःलाच म्हणाले. तीनदा फिरवलं. मग खिशातून रुमाल काढला.

त्या दिवशी लिओनार्दाने त्यांच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घातली. त्यांनी घोट घेतला, थबकले, आणि कप संपवला. सात वर्षांनी. मी त्यांना इतकं सुखी पुन्हा कधी पाहिलं नाही, म्हणून ही साखर मुद्दाम सांगितली.

लेख लिहून झाला. डॉक्टर सांगायचे, मी लिहायची. शेवटी पाकीट बांधायची वेळ आली. ते म्हणाले, "नेमेसिया, वहीतली पानं पडली-बिडली नाहीत ना, तेवढं बघ. हात कमीत कमी लाव."

पानं बघता बघता माझी नजर तीन ऑगस्टवर गेली. ओळ कोरी.

वरती क्रूस, खाली क्रूस, आणि मध्ये एकशेसहावा दिवस उघडा. मी वही मिटली. गुरुवारच्या बाजाराला ताता इलारियो खाली येतो हे माहीत होतं. तशीच उठले आणि वरचा बाजार गाठला. तो वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यांपाशी बसला होता, गालात कोकाची पानं धरून.

"ताता, तीन ऑगस्टला क्रूस का नाही?"

"नव्हतो मी बाराला तिथे," तो म्हणाला. "मग कसा काढणार?"

"कुठे होतात?"

"खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी. पेटी घेऊन गेलो होतो."

 मी त्याच्याजवळ पोत्यावर बसले. "पेटी? पेटी घेऊन?"

"ऑगस्टात जमिनीचं तोंड उघडं असतं, पोरी, तुला काय मी सांगायचं? मागायचं ते तेव्हाच मागायचं. डॉक्टरांचे डोळे मागायचे होते. ज्याच्यापायी डोळे गेले ते समोर ठेवल्याशिवाय मागणं पोचत नाही. पाठीवर बांधली, हळू नेली, अंधार पडायच्या आत होती तशी ठेवली. धूर लागू दिला नाही. पन्नास पावलं मोजली तिथेसुद्धा."

"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"वहीत सांगितलंय की. जागा कोरी आहे. मी नव्हतो. अजून काय सांगायचं असतं?"

 त्याचं काय चुकलं होतं? पेटी एक दिवस शिशाबाहेर, माणसाच्या पाठीवर आडवी. त्या दिवशी ज्या वाटा उमटल्या असतील त्या कुठून आल्या, शिशातून की उघड्या आभाळातून, वरून की बाजूने, काही सांगता येणार नाही. डॉक्टरांचं सगळं म्हणणं तर 'वरून, शिशातून' या दोन शब्दांवर उभं. वाट त्याच दिवशी उमटली असेल असं नाही. पण भिंतीवरचं ते पत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. स्थानिक राखणदार. एक कोरी जागा पुरे होती त्यांना.

शनिवारी दुपारी डॉक्टर धर्मगुरूंपुढे पापं सांगायला जायचे. ते तिकडे गेले आणि मी इकडे वही उघडली. ताताची दौत, ताताचा टाक, वहीबरोबरच खाली आले होते. त्याचे क्रूस मी दोन दिवस डोळ्यांत साठवले होते. उभी रेघ लांब, आडवी जराशी उजवीकडे चढलेली. परक्याचा टाका हुबेहूब उचलणं हा तर आमचा पिढीजात धंदा. मी काढला. खालच्या-वरच्याशी ताडून बघितला. सख्ख्या भावांसारखे दिसत होते. मला, खोटं कशाला सांगू, स्वतःच्या हाताचं कौतुकच वाटलं.

सोमवारी पाकीट टपालात जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "वही आण. दिवस एकदा मोजून घेतो, आकडा लेखात आहे."

"मी मोजलेत. एकशेत्रेपन्न."

"माझं नाव आहे लेखावर, तर मीच मोजलेले बरे."

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांनी पान उलटलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवायला लागले. मीच शिकवलेलं ते. ताता इलारियो टाक धरायचा तो पहार धरल्यासारखा. त्याचा प्रत्येक क्रूस मागून फोडासारखा वर यायचा. डॉक्टर पुटपुटत मोजत होते. एकशेतीन, एकशेचार, एकशेपाच. बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं.

माझा हात भरतकामाचा. रेशमावर टेकतो, दाबत नाही.

"नेमेसिया, इथे समोरून काय दिसतंय?"

माझा हात वहीकडे गेला, पण त्यांनी वही सोडली नाही.

"जे दिसतं ते सांग. वाटतं ते नको."

"क्रूस आहे," मी म्हटलं.

"कुणाचा?"

मग मी सगळं ओकून टाकलं. खिंड, डोळे, बाजार, शनिवार, सगळं. लिओनार्दा तोंडावर हात घेऊन उभी होती. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कोरी जागा चालली असती मला," ते म्हणाले.

"चालली असती?"

"एकशेत्रेपन्नमधला एक दिवस ठाऊक नाही, असं लिहिलं असतं. एकशेबावन्न ठाऊक आहेत. वाचणाऱ्याने ठरवावं. कुरकुर केली असती त्यांनी, पण वाचलं असतं. उलट तेवढी एक कोरी जागा बघून त्यांना पटलं असतं की बाकीचे क्रूस खरे आहेत. खोटं लिहिणारा माणूस जागा कोरी सोडत नाही." त्यांनी वही मिटली. "त्या वहीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच होती, पोरी."

आज इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"खोडून टाकते," मी म्हटलं. "नाहीतर तसंच पाठवा. कोणाला कळणार आहे? त्यांना बोटं नाहीत तुमच्यासारखी!"

"मला कळलंय ना."

"मग मी लिहून देते माझ्या सहीने. ताताकडून शपथ घेऊ."

"ताताचा शब्द मला पुरे आहे. तिकडे पुरत नाही, म्हणून तर ही वही होती. आणि वहीत दुसरा हात फिरला म्हटल्यावर तो एकदाच फिरला हे आता कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा!"

"मी? ज्याला ती वाट हवी आहे तो?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. तेही उठले नाहीत. खूप वेळाने त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला, जड, जणू कुठे ठेवायचा ते सुचत नव्हतं.

पत्र त्यांनी लिओनार्दाकडून लिहवून घेतलं, मला लिहायला लावलं नाही. नोंदवहीत माझ्या प्रयोगशाळेत एक खूण मागाहून घातली गेली आहे, म्हणून हे निरीक्षण पुरावा धरू नये. वाटेचं चित्र केवळ माहितीसाठी सोबत जोडत आहे. एवढंच. त्यात माझं नाव नव्हतं, ताताचं नव्हतं, खिंडीचं नव्हतं. मी आकांडतांडव केलं की माझं नाव घाला. "प्रयोगशाळा माझी," ते म्हणाले, आणि सही कुठे करायची ते लिओनार्दाने बोट धरून दाखवलं.

उत्तर तीन महिन्यांनी आलं. दोन ओळी. प्रांजळपणाबद्दल आभार. चित्राची नोंद घेतली आहे.

ते उत्तर यायच्या आधी, नाताळाच्या तोंडावर, ते एकदा शेवटचे डोंगरावर गेले, मी सोबत होते. खोपटं रिकामं होतं. ताता इलारियोला कोणीतरी खाली सांगितलं होतंच. तो दारात उभा, टोपी हातात. दारू जमिनीला द्यायचंही विसरला.

"मी डोळे मागितले होते, डॉक्टर," तो म्हणाला. "दुसरं काही नाही मागितलं."

"ठाऊक आहे, ताता."

"देतील अजून. आजोबांना वेळ लागतो."

डॉक्टरांनी त्याच्या आवाजाच्या दिशेने मान हलवली. तोवर त्यांना फक्त उजेड कुठे आहे तेवढं कळायचं. दोघं दगडावर शेजारी बसले, ताताने त्यांच्या हातात पानं ठेवली, आणि ट्रकवाल्याने हाका मारीपर्यंत दोघं ती चघळत बसले. ताता पुढच्या हिवाळ्यात गेला. मरेपर्यंत तो डॉक्टरांच्या डोळ्यांची चौकशी करायचा.

साठ साली परदेशातल्या विज्ञानाच्या एका नियतकालिकाचा अंक आला. डॉक्टरांची नोकरी संपली होती. मी पुन्हा दुकानात बसत होते, पण संध्याकाळी पाचला त्यांच्या खोलीवर जायची, वाचून दाखवायला आणि वही लिहायला. दोन रकाने चालूच होते. ते सांगायचे, मी लिहायची. 'पाहिलं'मध्ये आता उजेड, पावलं, सूपाचा वास असलं काहीबाही यायचं.

त्या अंकात, युरोपात, फुग्याने आभाळात पाठवलेल्या प्लेटांत, तीन वाटा. वरून आलेल्या, मंदावलेल्या, थांबलेल्या, दोन झालेल्या. नव्या कणाला नाव दिलं होतं. मी वाचत गेले. दोन फांद्यांमधला कोन आला तिथे मी आकड्यावर बोट ठेवलं. आपलाच होता, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. म्हणजे आपली खरी होती. दोन्ही खऱ्या होत्या, एकावन्नची आणि एकसष्ट नंबरची. शेवटच्या पानावर आधी काम केलेल्यांची यादी होती. मी ती दोनदा वाचली, एकदा मोठ्याने आणि एकदा मनात. उर्कीदी हे नाव नव्हतं. चित्राची नोंद कुठे घेतली होती कोण जाणे.

"कागद दे," डॉक्टर म्हणाले.

कुठला ते विचारावं लागलं नाही. सुईने टोचलेला तो कागद प्रार्थनेच्या पुस्तकात असायचा. त्यांनी बोट फिरवलं. पण हात लावून लावून छिद्रं बुजत आली होती. बोट मध्येच अडखळलं, वाट शोधायला लागलं, त्याला सापडेना.

"पुन्हा टोचून देते," मी म्हटलं.

"नको."

घड्याळात पाच वाजून गेले होते. मी वही काढली, तारीख घातली, टाक बुडवला. "'पाहिलं'मध्ये काय लिहू?"

"तीन वाटा. दुसऱ्यांच्या. कोन तोच."

मी लिहिलं. "आणि 'हवं होतं'?"

टाकावरची शाई वाळली. खाली रस्त्यावर नाचाची तालीम चालू होती, आमच्याच दुकानचे अंगरखे घालून.

"कोरं ठेव," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या हाताच्या दिशेने चेहरा वळवून, अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाले, "आणि या वेळी कोरंच राहू दे, नेमेसिया."